डॉक्टरकी सोडून विनोदी अभिनेता होताना

वैद्यकीय पेशा सोडून विनोदी अभिनयाकडे वळू पाहणाऱ्याला सहसा दोनच प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणजे, इतकी वर्षे घासून मिळवलेली पदवी पाण्यात घालू नकोस. आणि दुसरा म्हणजे, आयुष्य एकदाच मिळते, मन म्हणेल ते कर. दोन्ही सल्ले कामाचे नाहीत, कारण हा निर्णय एका दिवसात आणि एका राजीनाम्याने घ्यायचा असतो, असे दोन्हींत गृहीत धरलेले असते. ज्यांनी हे पार पाडले त्यांच्याकडे पाहिले, तर अभिनय आधी सुरू झाला, काही काळ तो डॉक्टरकीच्या बरोबरीने चालला आणि दवाखाना सर्वांत शेवटी सुटला, असेच बहुधा आढळते.

अमेरिकन विनोदी अभिनेता केन जोंग याने १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. न्यू ऑर्लिन्समध्ये इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचे रुग्णालयातील प्रशिक्षण, करत असतानाच तो रात्री स्टँडअप, म्हणजे मंचावर एकट्याने प्रेक्षकांना हसवण्याचे प्रयोग, करू लागला होता. पुढे लॉस एंजेलिसला गेल्यावरही दिवसा रुग्ण आणि रात्री क्लबचा मंच असाच क्रम त्याने बरीच वर्षे चालवला. २००७ मध्ये एका चित्रपटात त्याला प्रसूतितज्ज्ञाची छोटी भूमिका मिळाली आणि त्यानंतरच त्याने पूर्णवेळ अभिनयाचा निर्णय घेतला. त्याला मोठे नाव मिळाले ते २००९ मध्ये. म्हणजे पदवीपासून दवाखाना सुटेपर्यंत सुमारे बारा वर्षे गेली. आपल्याकडे डॉ. श्रीराम लागू यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. ते विनोदी नट म्हणून ओळखले जात नाहीत, पण त्यांचा क्रम हाच होता : कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून काम करत असताना त्यांनी अनेक वर्षे हौशी रंगभूमीवर काम केले आणि १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ अभिनय स्वीकारला. उलट टोकाची उदाहरणेही आहेत. ब्रिटनमधील ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी चमूतला नट ग्रॅहम चॅपमन डॉक्टर झाला, पण त्याने व्यवसाय केला नाही. तिथलाच विनोदी कलाकार हॅरी हिल याने रुग्णालयातील उमेदवारीच्या काळातच पेशा सोडला आणि १९९२ मध्ये एडिंबरा महोत्सवात विनोदासाठीचा सर्वोत्तम नवोदिताचा पेरिए पुरस्कार मिळवला. मात्र चॅपमन विद्यार्थिदशेतच प्रहसने लिहून करून दाखवत होता, हे विसरता कामा नये.

हा क्रम योगायोगाने जुळून आलेला नाही. विनोदी अभिनय प्रेक्षकांसमोर उभे राहूनच शिकता येतो आणि तो शिकायला वर्षे लागतात. त्या वर्षांत घरभाडे, कर्जाचे हप्ते आणि मनाचे स्वास्थ्य सांभाळायला डॉक्टरकीसारखा भरवशाचा आधार धडपडणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही नटाला क्वचितच मिळतो. तो आधार पहिल्याच दिवशी तोडून टाकणे मला धाडसाचे वाटत नाही, अनाठायी वाटते.

आधी स्वतःचे निदान

डॉक्टरकी नकोशी होणे आणि अभिनय हवासा वाटणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि थकलेल्या माणसाला त्या एकच वाटतात. सलग रात्रपाळ्या, अपुरी झोप, कागदपत्रांचा ढीग आणि वरिष्ठांचा त्रास यांमुळे पेशाचा वीट आला असेल, तर त्यावर रुग्णालय बदलणे, शाखा बदलणे, कामाचे तास कमी करणे असे बरेच उपाय आहेत आणि त्यांपैकी कोणत्याही उपायासाठी विनोदी नट व्हावे लागत नाही. म्हणून निर्णयाआधी दोन-तीन आठवड्यांची खरी सुटी घ्यावी, झोप पूर्ण करावी आणि मग पाहावे. शरीर ताजेतवाने असताना, रुग्णालयाबद्दलचा राग निवळलेला असतानाही पाय तालमीकडेच वळत असतील, तर ती ओढ खरी आहे. सुटी घेऊनही झोप येत नसेल, कशातच रस वाटत नसेल, भविष्य अंधारलेले दिसत असेल, तर आधी एखाद्या डॉक्टरकडे रुग्ण म्हणून जावे. त्या अवस्थेत पेशा सोडण्याचा निर्णय घेऊ नये.

दुसरी कसोटी अधिक कडक आहे. मित्रांच्या घोळक्यात हशा पिकवता येतो, स्नेहसंमेलनात विभागप्रमुखांची नक्कल गाजली होती, एवढ्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण त्या प्रेक्षकांना मूळ माणूस माहीत होता आणि नक्कल करणारा आवडत होता. विनोदी नटाचे खरे काम तालमीच्या दहाव्या दिवशी दिसते. तीन मिनिटांचा तोच प्रवेश चाळिसाव्यांदा चाललेला असतो, कुणालाही हसू येत नसते, दिग्दर्शक म्हणत असतो की पेला एक वाक्य आधी उचलून पाहा, आणि आपण तो एक वाक्य आधी उचलून पाहतो. ज्याला या कामात गोडी वाटते त्याने पुढे जावे. ज्याला केवळ टाळ्यांची गोडी आहे, त्याने हौशी रंगभूमीवर अवश्य काम करावे आणि दवाखाना ठेवावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

दवाखाना चालू ठेवून तालीम

पहिली पायरी म्हणजे वेळेची मांडणी. शस्त्रक्रियेनंतर दिवसेंदिवस रुग्णाच्या मागे राहावे लागणारे काम आणि नियमित तालीम एकत्र बसत नाहीत. पाळी संपली की जबाबदारी पुढच्या डॉक्टरकडे जाते, अशा स्वरूपाचे काम शोधावे : ठरावीक तासांचा बाह्यरुग्ण विभाग, दुसऱ्या डॉक्टरच्या रजेच्या जागी केलेले काम, आकस्मिक विभागातील मोजक्या पाळ्या, दूरध्वनी किंवा व्हिडिओवरील सल्ला. एक नियम मात्र स्वतःला घालून घ्यावा आणि कधीही मोडू नये. ऑन-कॉल, म्हणजे बोलावणे येताच रुग्णाकडे जायला बांधील, असताना प्रयोग स्वीकारू नये, आणि रात्री उशिरापर्यंत प्रयोग करून सकाळी अर्ध्या झोपेत रुग्ण तपासू नये. आपल्या स्वप्नाची किंमत रुग्णाने मोजता कामा नये. नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाविषयी अट असेल तर ती नीट वाचून घ्यावी आणि परवानगी लेखी घ्यावी. चित्रफीत सर्वत्र फिरल्यावर खुलासा करत बसण्यापेक्षा ते सोपे असते.

शिक्षणाची सुरुवात इम्प्रोव्हपासून, म्हणजे संहितेविना उत्स्फूर्त अभिनयापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी नटांसाठी तयार केलेल्या खेळांतून ही पद्धत वाढली आणि त्यांचे पुत्र पॉल सिल्स ज्याच्या संस्थापकांपैकी एक होते, त्या शिकागोच्या सेकंड सिटी या १९५९ मध्ये सुरू झालेल्या रंगमंचाने ती विनोदी नटांच्या शिक्षणाचा पाया बनवली. समोरच्याने जे सांगितले ते मान्य करायचे आणि त्यात आपली भर घालायची, हा तिचा मूळ नियम आहे. डॉक्टरांना तो ऐकायला सोपा वाटतो आणि पाळायला फार जड जातो, कारण डॉक्टर सवयीने प्रश्न विचारतो. सहकलाकार म्हणतो, ‘छतावर हत्ती आलाय,’ आणि डॉक्टर विचारतो, ‘कधीपासून? आधी कधी आला होता का?’ आजाराचा पूर्वेतिहास विचारून घेण्याची ही शिस्त दवाखान्यात रुग्ण वाचवते, पण मंचावर सगळा भार सहकलाकाराच्या डोक्यावर टाकते. त्याऐवजी ‘तरी मी सांगत होतो, त्याचं भाडं आपण थकवायला नको होतं,’ असे विधान केले की प्रवेश चालू लागतो. प्रश्न न विचारता सलग पाच मिनिटे प्रवेश करण्याचा सराव डॉक्टरांनी इतरांपेक्षा दुप्पट करावा.

दुसरा सराव दर्जाचा, म्हणजे समोरच्याच्या तुलनेत आपण कोणत्या पायरीवर आहोत याचा. इम्प्रोव्हचे ब्रिटिश शिक्षक कीथ जॉनस्टन यांनी दाखवून दिले की कोणत्याही दोन माणसांच्या बोलण्यात वरचढ कोण आणि नमते कोण हे सतत ठरत आणि बदलत असते, आणि हशा बहुतेक वेळा त्या बदलातून येतो. डॉक्टर वर्षानुवर्षे वरच्या पायरीवर उभा असतो : लोक त्याच्यासाठी खुर्ची सोडतात, त्याचे बोलणे मध्येच तोडत नाहीत, तो सांगेल ते लिहून घेतात. हा रुबाब अंगात मुरलेला असतो आणि माणसाला स्वतःला तो दिसत नाही. म्हणून गयावया करणारा, चुकीच्या खोलीत शिरलेला, पदोपदी माफी मागणारा माणूस उभा करण्याचा सराव करावा. तो जमला की मग रुबाबदार माणूस उभा करावा आणि त्याचा रुबाब प्रेक्षकांदेखत हळूहळू सुटू द्यावा. रुबाब कसा असतो हे डॉक्टरला आतून माहीत असल्यामुळे या दुसऱ्या प्रकारात तो फार पुढे जाऊ शकतो.

तिसरी अडचण चेहऱ्याची आहे. तपासताना काही भयंकर दिसले तरी चेहरा हलू द्यायचा नाही, हे डॉक्टरला शिकवलेले असते आणि ते योग्यच आहे. विनोदी नटाचा मात्र सगळा धंदाच मुळी समोरच्या गोष्टीचा आपल्यावर परिणाम होऊ देण्याचा आणि तो परिणाम दिसू देण्याचा असतो. तालमीत प्रत्येक वाक्याआधी प्रतिक्रिया येऊ द्यावी आणि शब्द मागून येऊ द्यावेत. सुरुवातीला हे कृत्रिम वाटेल, पण काही महिन्यांत चेहरा मोकळा होतो. चेहऱ्याइतकेच हातही बांधलेले असतात. त्यासाठी विदूषकाच्या अभिनयाचे एखादे शिबिर मिळाले तर जरूर करावे.

एक प्रवेश जवळून

हे सगळे प्रत्यक्षात कसे चालते, ते एका छोट्या प्रवेशातून पाहू. एका घरातले वडील वारले आहेत आणि शेजारचा माणूस त्यांच्या मुलाचे सांत्वन करायला आला आहे. या शेजाऱ्याची शिडी गेले वर्षभर त्या घरात अडकून पडली आहे, ती समोरच्या भिंतीला टेकून उभी आहे, आणि उद्या त्याच्या घरी रंगकाम सुरू व्हायचे आहे. त्याचे पहिले वाक्य आहे : ‘फार वर पोचलेला माणूस, पण पाय कायम जमिनीवर.’

नवखा नट हे वाक्य म्हणताना शिडीकडे डोळा टाकतो, प्रेक्षकांकडे बघून भुवया उडवतो आणि ‘वर’ या शब्दावर जोर देतो. गंमत त्यानेच सांगून टाकल्यामुळे प्रेक्षकांना शोधायला काही उरत नाही आणि त्यांचे हसू ओठांवरच राहते. मुरलेला नट हेच वाक्य मुलाच्या डोळ्यांत बघून, मनापासून, जवळजवळ गहिवरून म्हणतो, कारण त्या माणसाला खरोखरच चांगले वागायचे आहे. शिडीकडे न बघण्याचा तो कसोशीने प्रयत्न करतो आणि तो प्रयत्न त्याच्या ताठरलेल्या मानेत प्रेक्षकांना दिसतो. मग मुलगा म्हणतो, ‘बाबांच्या घरातली एकही वस्तू मी आता बाहेर जाऊ देणार नाही.’ इथे नटाने काहीही बोलायचे नाही. ती बातमी त्याच्या आत पोचायला जो एक सेकंद लागतो तो प्रेक्षकांना पूर्ण दिसू द्यायचा, आणि मग अगदी हळू आवाजात विचारायचे, ‘एकही?’ हशा त्या शब्दावर फुटतो, पण तो पिकलेला असतो आधीच्या सेकंदात.

डॉक्टरची खरी पुंजी इथे आहे. वाईट बातमी ऐकल्यानंतर पहिल्या सेकंदात माणसाच्या चेहऱ्याचे काय होते, तो कसा भलतीच गोष्ट विचारतो, कसा उगाच हातातली पिशवी नीट करतो, हे डॉक्टरइतके जवळून फार थोड्यांनी पाहिलेले असते. लोक संकटातही आपल्या शिड्या विसरत नाहीत हेही त्याने पाहिलेले असते, आणि त्यात त्याला क्षुद्रपणा न दिसता माणूसपण दिसत असेल, तर त्याच्या हाती विनोदाचा उत्तम माल आहे. शारीरिक निरीक्षणाचेही तसेच. कुणाची चाल कशी आहे, कोण खांदा चोरून चालतो, खोटे बोलताना कुणाचा श्वास कसा अडतो, हे टिपायची सवय आधीच लागलेली असते. मात्र आजाराची नक्कल करून हशा मिळवू नये. कंप, लकवा, तोतरेपणा यांवर मिळालेले हसू स्वस्त असते, आणि ज्याने त्या आजारांवर उपचार केले आहेत त्याला तर ते मुळीच शोभत नाही.

हशा आल्यावर काय करायचे हेही शिकावे लागते. हशा चढत असताना पुढचे वाक्य म्हटले तर ते बुडते आणि प्रेक्षक पुढच्या वेळी हसायला कचरतात. हशा पूर्ण विरेपर्यंत थांबले तर प्रवेश गार पडतो. हशा शिगेला पोचून उतरू लागला की त्याच्या उतरणीवर वाक्य घ्यावे, आणि तोपर्यंत नुसते थांबून न राहता पात्राचा विचार चालू ठेवावा. मोबाइलवर प्रत्येक प्रयोगाचे केवळ ध्वनिमुद्रण करावे आणि घरी संहिता समोर ठेवून कुठे हशा आला, कुठे आला नाही, कुठे आपणच तो तोडला, अशा खुणा कराव्यात. रुग्णाचा तक्ता भरणाऱ्या माणसाला ही नोंद ठेवणे जड जाऊ नये. मराठीत काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट तपासावी : आपले वाक्य बहुधा क्रियापदावर संपते आणि हशाचा शब्द त्याच्या आड दबतो. ‘कपाटात जावई लपलेला होता’ यापेक्षा ‘कपाट उघडलं, तर आत जावई’ हे वाक्य मंचावर अधिक चालते. लेखकाची परवानगी घेऊन असे बदल तालमीतच करून पाहावेत.

राहता राहिले अपयश. दवाखान्यात चूक झाली तर कुणाला तरी इजा होते, म्हणून चुकीची भीती डॉक्टरच्या हाडीमांसी भिनलेली असते आणि ती तशी असावीच. मंचावर विनोद पडला तर कुणाचेही काही बिघडत नाही, हे बुद्धीला लगेच पटते, पण शरीराला पटायला पुष्कळ प्रयोग लागतात. म्हणून पहिली दोन वर्षे ओपन माइक (कुणालाही काही मिनिटे मंच देणारे कार्यक्रम), छोट्या जागा, नवख्या संस्थांच्या एकांकिका, विद्यार्थ्यांच्या लघुपटांतल्या भूमिका, जे मिळेल ते करावे. स्टँडअपची पाच मिनिटे घट्ट बांधलेली असावीत. नट व्हायचे असले तरी स्टँडअप करावे, कारण तिथे हशा आला नाही याचा दोष दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही.

रुग्णांच्या गोष्टी

या विषयावर मी थोडा कठोर आहे. मंचावर आलेल्या डॉक्टरकडून लोकांना रुग्णालयातले किस्से हवे असतात आणि नवख्याला ते सर्वांत सोपे वाटतात. रुग्णाची गुप्तता पेशा सोडल्याने संपत नाही. रुग्ण गेल्यानेही संपत नाही. हिप्पोक्रॅटिसच्या शपथेतच उपचारादरम्यान कळलेल्या गोष्टी बाहेर न बोलण्याचे वचन आहे. नाव बदलले म्हणजे काम झाले, असेही नाही. दुर्मीळ आजार, साधारण वय, रुग्णालय आणि वर्ष एवढे चार तपशील जुळले, तरी नातेवाइकांना आणि कधीकधी सगळ्या गावाला माणूस ओळखू येतो. एखादा किस्सा वापरावा की नाही हे ठरवताना तो रुग्ण पहिल्या रांगेत बसला आहे अशी कल्पना करावी. तो स्वतःला ओळखील का, आणि ओळखले तर त्याला अपमान वाटेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कदाचित’ असले तरी किस्सा टाकून द्यावा.

विनोद करण्यासारखे दुसरे पुष्कळ आहे. पदानुक्रम, अगम्य अर्ज, परीक्षा, रात्री तीन वाजता दोन डॉक्टरांत रंगलेले निरर्थक भांडण, स्वतः डॉक्टरच आजारी पडल्यावर त्याचे होणारे वागणे, या सगळ्यांत कुणाचीही गुप्तता मोडत नाही आणि विनोदाचा रोख दुबळ्याकडे जात नाही. सहकाऱ्यांच्या बाबतीतही ओळख पटेल असे काही बोलू नये. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही : डॉक्टरने गंमत म्हणून केलेले वैद्यकीय विधान लोक खरे मानतात. लस, औषधे, आहार यांविषयी गमतीत फेकलेले वाक्य संदर्भाविना दूरवर फिरते, आणि ते ऐकून एखादा माणूस गोळ्या बंद करू शकतो. असे वाक्य कितीही हसवणारे असले तरी ते गाळावे.

काम मिळवणे

सुरुवातीला डॉक्टरच्या भूमिका येतील. त्या घ्याव्यात. हात कसे धुतात, स्टेथोस्कोप कसा धरतात हे सांगावे न लागणारा नट निर्मितीसंस्थेला सोयीचा असतो. त्यातच अडकून पडू नये म्हणून दर दोन-तीन कामांमागे एक तरी वेगळी भूमिका, बिनपैशाची का असेना, आपण होऊन शोधावी आणि तिचे चित्रीकरण मिळवावे. शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाची चित्रफीत, दोन मिनिटांपेक्षा लांब नसावी आणि पहिल्या काही सेकंदांत आपला चेहरा आणि आपले सर्वोत्तम काम दिसावे. कास्टिंग करणारे पुढचे पाहतीलच याची खात्री नसते. घरून पाठवायच्या ऑडिशनसाठी साधी भिंत, समोरून प्रकाश, स्वच्छ आवाज आणि समोरची वाक्ये कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून वाचणारी व्यक्ती एवढे पुरे. ऑडिशनमध्ये हसवण्याचा प्रयत्न करू नये. त्या माणसाला त्या क्षणी नेमके काय हवे आहे हे ठरवून ते मिळवण्याचा प्रयत्न करावा. नकार येतील, कारण कळणार नाही, आणि वर्षानुवर्षे गुणवत्ता यादीत राहिलेल्या माणसाला हे सर्वांत जास्त लागते. इथे गुणवत्ता यादी लागत नाही. उंची, वय, सहनटाशी जोडी जमणे, अशा आपल्या हातात नसलेल्या कारणांनी पुष्कळ निर्णय होतात.

प्रत्यक्ष सोडताना

किमान दीड ते दोन वर्षांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय आणि शैक्षणिक कर्जाचे गणित सुटल्याशिवाय पूर्णवेळ उडी घेऊ नये. शिष्यवृत्ती किंवा अनुदानित शिक्षणाच्या बदल्यात ठरावीक काळ सेवा देण्याचा करार असेल, तर तो आधी पुरा करावा किंवा मोडण्याची रक्कम नक्की करून घ्यावी. जोडीदाराशी बोलताना भावनेइतकाच हिशेबही समोर ठेवावा : किती पैसे आहेत, किती महिने पुरतील, मुलांच्या वेळा कोण सांभाळणार, आणि कोणत्या तारखेला पुन्हा बसून आढावा घ्यायचा. केन जोंगची पत्नीही डॉक्टर आहे आणि पूर्णवेळ अभिनयासाठी तिनेच त्याला पाठबळ दिल्याचे त्याने अनेकदा सांगितले आहे. घरात असे पाठबळ नसेल, तर निर्णय पुढे ढकलणे शहाणपणाचे.

रुग्णांना पुरेसा आधी निरोप द्यावा, प्रत्येकाची जबाबदारी कोणत्या डॉक्टरकडे जात आहे हे लेखी कळवावे, नोंदी कायद्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत कुठे राहतील याची व्यवस्था करावी. प्रलंबित तपासण्यांचे अहवाल ही यातली सर्वांत धोक्याची जागा आहे. आपण गेल्यावर आलेला अहवाल कुणाच्या टेबलावर जाणार, हे एकेका रुग्णागणिक ठरवून ठेवावे.

व्यावसायिक दायित्वाचा विमा बंद करण्याआधी तो कोणत्या प्रकारचा आहे हे पाहावे. काही विमे घटना ज्या काळात घडली त्यावर चालतात. तिथे अडचण येत नाही. काही मात्र दावा ज्या काळात दाखल झाला त्यावर चालतात. अशा विम्यात पॉलिसी बंद केल्यावर जुन्या उपचारांविषयी दावा आला तर संरक्षण मिळत नाही, म्हणून मागील काळासाठीचे वाढीव संरक्षण वेगळे विकत घ्यावे लागते आणि त्याचा हप्ता मोठा असू शकतो. हा खर्च बचतीच्या हिशेबात आधीच धरावा.

परवाना लगेच सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. बऱ्याच ठिकाणी नोंदणी निष्क्रिय ठेवण्याची सोय असते. ब्रिटनमध्ये तर डॉक्टरची नोंदणी आणि व्यवसायाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी असून परवान्याविना नोंदणी ठेवता येते. परवान्यासाठी लागणारे सतत शिक्षणाचे गुण, नूतनीकरणाच्या तारखा आणि परतण्यासाठीच्या अटी एका कागदावर लिहून ठेवाव्यात. केन जोंगनेही आपला परवाना चालू ठेवला होता. महिन्याकाठी दोन-चार पाळ्या केल्या तर हात चालू राहतो आणि वाईट भूमिका नाकारण्याची ताकद राहते, जी नटाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. पूर्ण खंड पडल्यावर काही वर्षांनी परतणे अवघड होत जाते. विशेषतः शस्त्रक्रिया किंवा भूल यांसारखी हातांची कामे देखरेखीखाली पुन्हा शिकल्याशिवाय करू नयेत. ज्या दिवशी परवान्याचे नूतनीकरण केवळ भीतीपोटी होत असल्याचे जाणवेल आणि अभिनयाचे उत्पन्न सलग दोन-तीन वर्षे घर चालवत असेल, त्या दिवशी तो सोडण्याचा विचार करावा.

सेटवरचा डॉक्टर

पेशा सोडला तरी युनिटमधले सगळे ‘डॉक्टर’ म्हणूनच हाक मारतील आणि चहाच्या वेळेत कुणी अहवाल पुढे करील. ऐकून घ्यावे, कोणत्या तज्ज्ञाकडे जायचे ते सांगावे, पण औषध लिहून देऊ नये. नोंद नाही, तपासणी नाही, विमा नाही, अशा स्थितीत दिलेला सल्ला दोघांनाही महागात पडतो. नावाआधीची उपाधी वापरून औषधे किंवा पूरक आहार यांच्या जाहिराती करू नयेत.

आणीबाणीची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये फीनिक्स येथे स्टँडअपचा प्रयोग चालू असताना प्रेक्षकांतील एका स्त्रीला आकडी (फिट) आली, तेव्हा केन जोंग प्रयोग थांबवून मंचावरून खाली उतरला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत मदत करत राहिला. अशा वेळी सरावाबाहेर गेलेल्या डॉक्टरने आपल्याला आज जे नीट येते तेवढेच करावे : भोवतीची गर्दी हटवणे, श्वासमार्ग मोकळा आहे का पाहणे, आकडी किती वेळ चालली याची वेळ नोंदवणे, गरज पडल्यास छातीवर दाब देणे. पथक आले की पाहिलेले सगळे थोडक्यात सांगून रुग्ण त्यांच्या हाती द्यावा, आणि प्रयोग पुढे चालू ठेवायचा की नाही हे निर्मात्याशी आणि सहकलाकारांशी बोलून मगच ठरवावे.